ठासणीची बंदूक : घोडा वर की खाली?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखादी गोष्ट पटवून द्यायची असली की आपण ती ठासून सांगतो. एखाद्याचे बोलणे पोकळ निघाले की त्याचा बार फुसका ठरतो. हे शब्द वापरताना आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येत नाही. पण कोकणातल्या जुन्या शेतकऱ्याला विचारा, तो ‘ठासणे’ म्हणजे काय ते हाताने करून दाखवील. नळीच्या तोंडातून आधी दारू, तिच्यावर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि हे सगळे लांब गजाने दाबून बसवायचे. काडतूस नाही, मागून उघडझाप नाही. जे काही भरायचे ते तोंडातूनच. म्हणून ती ठासणीची बंदूक.

मी पोफळीचा. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे हे गाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते कोयनेच्या वीजघरामुळे. माझी बरीच वर्षे फिटरच्या कामात, लेथ आणि व्हाइस यांच्या सोबतीत गेली. त्यामुळे यंत्रांविषयीच्या शंका घेऊन माणसे माझ्याकडे येतात. अशाच एका तरुण शेतकऱ्याने मला विचारले, “काका, अमेरिकेत म्हणे घोडा नळीच्या खाली असलेली ठासणीची बंदूक असते. भाग अगदी थोडे. तशी आपल्याकडे कुठे मिळेल का? नाही मिळाली तर तुम्ही करून द्याल का?”

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर देताना इतिहास, यंत्रशास्त्र, कायदा आणि आपली भातशेती या सगळ्यांना हात घालावा लागतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बंदुकीत अवघड काम कोणते? नळी आणि दारू तर आलीच. पण नळीच्या बुडाशी बंद असलेल्या दारूपर्यंत बाहेरची ठिणगी नेमक्या क्षणी कशी पोचवायची, हा कारागिरांचा जुना प्रश्न होता. सर्वात जुना उपाय तोड्याचा. नळीच्या बुडाशी बाजूला बारीक भोक, त्याला म्हणायचे काना. कान्याजवळच्या प्याल्यात चिमूटभर बारीक दारू, तिला म्हणायचे रंजक. चाप ओढला की धुमसता तोडा, म्हणजे जामगी, रंजकावर टेकायची आणि आग कान्यातून आत जायची. शिवकाळातल्या बंदुका या प्रकारच्या होत्या, आणि आपल्या देशात त्या पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात राहिल्या. पावसात जामगी विझायची आणि रंजक भिजायची. रात्री जामगीचा लाल ठिपका शत्रूला दुरून दिसायचा. मग चकमकीची बंदूक आली. तिच्यात घोड्याच्या जबड्यातली गार पोलादावर आपटून ठिणग्या पडत. जामगी गेली, पण उघडी रंजक राहिली.

ही रंजक कायमची घालवली ती एका धर्मोपदेशकाने. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे अलेक्झांडर फॉर्साइथ यांना बदकांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीची बंदूक उडवली की प्याल्यात आधी जाळ होई आणि नळीतून छर्रे निघेपर्यंत क्षणभर जाई. तेवढ्यात पाखरे बुडी मारत किंवा उडून जात. ठोका बसताच पेटणारी रसायने वापरून त्यांनी नवी रचना केली आणि १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १८२० च्या दशकात हेच रसायन तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरले जाऊ लागले. आपल्याकडे तिला केप म्हणतात. नळीच्या बुडाशी एक बारीक पोकळ बोंड असते. त्याच्यावर केप बसवायची, घोडा तिच्यावर आपटायचा आणि ठिणगी बोंडातून सरळ दारूत. आज कोकणात जी ठासणीची बंदूक दिसते ती मुख्यतः ही केपाची बंदूक होय.

आता घोड्याच्या जागेकडे येऊ. चकमकीच्या काळात घोडा नळीच्या उजव्या कुशीला असे, कारण प्याला तिथे असे आणि रंजक सांडू नये म्हणून तो वर तोंड करून ठेवणे भाग होते. केप आल्यावर ही अडचण संपली. केप बोंडावर घट्ट बसते; वर बसवा, कुशीला बसवा, नाहीतर खाली. पण सवय लवकर जात नाही. बहुतेक कारागिरांनी जुन्या जागीच नवा घोडा बसवला. काहींनी मात्र विचार केला की घोडा नळीच्या पोटाखाली नेला तर काय होईल?

अशा बंदुकांचे माहेर म्हणजे अमेरिकेचा ईशान्य कोपरा, न्यू इंग्लंड. तिथल्या व्हरमाँट राज्यातल्या विंडसर गावी १८३० च्या दशकात निकानोर केंडॉल नावाचा कारागीर अशा बंदुका बनवत असे. त्याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. गाडीतून जाताना बंदुकीचा कुशीचा घोडा पांघरुणात अडकला, बार उडाला आणि शेजारी बसलेली त्याची वाग्दत्त वधू थोडक्यात बचावली. त्या धक्क्यातून त्याला घोडा खाली नेण्याची कल्पना सुचली म्हणतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातली अडचण खरी आहे. कुशीला आलेला घोडा झुडपात, दोरीत, कपड्यात अडकतो.

खालच्या घोड्याचे फायदे सहज समजण्यासारखे आहेत. नेम धरताना डोळ्यासमोर काही येत नाही. केप फुटल्यावर तिचे तुकडे आणि जाळ डोळ्यांकडे न येता जमिनीकडे जातो. बोंड सरळ दारूच्या पोटात उघडते, त्यामुळे ठिणगीला वळण घ्यावे लागत नाही. आणि भाग कमी लागतात. कुशीच्या घोड्यामागे लोखंडी पत्र्यावर कमानी, खटके आणि स्क्रू यांचा बारीक संसार मांडलेला असतो. खालच्या घोड्यात चाप थेट घोड्याच्या खाचेत अडकतो. कित्येक बंदुकांत तर चापाभोवतीची कडीच कमानीचे काम करते, म्हणजे एकाच पट्टीकडून दोन कामे.

तोटेही आहेत. उलटी बसवलेली केप सैल असली तर गळून पडते. डावा हात नळीखाली धरायची सवय असलेल्या माणसाला तो घोड्यापासून आणि जाळापासून लांब ठेवावा लागतो. बहुतेक सैन्यांनी ही रचना स्वीकारली नाही. ती मुख्यतः शिकारी, हौशी नेमबाज आणि खिशातली पिस्तुले यांच्यापुरती राहिली. विसाव्या शतकात अमेरिकेत जुन्या बंदुकांची हौस पुन्हा वाढली, तेव्हा तिथे अशा बंदुका परत बनू लागल्या. आमच्या तरुण मित्राच्या कानावर आली ती हीच बातमी.

या विंडसर गावाचा आपल्याशीही एक धागा आहे. केंडॉल पुढे ज्या कारखान्यात भागीदार झाला, तिथे एकसारखे, कोणत्याही बंदुकीला बसतील असे सुटे भाग यंत्रावर बनू लागले. केंडॉल भागीदारीतून बाहेर पडल्यावर, १८५० च्या दशकात, ब्रिटिश सरकारने याच कारखान्याकडून यंत्रे विकत घेतली आणि इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या कारखान्यात बसवली. एनफिल्ड हे नाव आपण शाळेत शिकलो ते १८५७ च्या चरबीच्या काडतुसांमुळे. ती एनफिल्ड रायफलही ठासणीचीच होती. कागदी काडतूस दातांनी तोडून दारू नळीच्या तोंडात ओतावी लागे, म्हणून तर चरबीचा प्रश्न शिपायांच्या तोंडापर्यंत आला.

आता पहिला प्रश्न. खालच्या घोड्याची बंदूक इथे मिळेल का? माझे उत्तर असे की, तिचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडच्या परवान्याच्या ठासणीच्या बंदुका कुशीच्या घोड्याच्या असतात आणि दुरुस्तीवाल्यांचा हातही त्यांच्यावरच बसलेला असतो. जुन्या बंदुकांचे प्रकार डोळ्यांनी पाहायचे असतील तर पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, मुंबईतले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. आमच्या गावावरून घाट चढून गेले की साताराही लांब नाही, तिथल्या संग्रहालयातही जुनी शस्त्रे आहेत. तोड्यापासून केपेपर्यंतचा प्रवास पाहायला ती जागा चांगली.

दुसरा प्रश्न करून देण्याचा. इथे मला फिटर म्हणून बोलले पाहिजे. भाग थोडे, म्हणून बंदूक सोपी, असे त्या तरुणाला वाटत होते. घोडा, चाप आणि कमान हे भाग सोपे आहेत हे खरेच. पण ते भाग म्हणजे बंदूक नव्हे. घोडा फक्त ठिणगी देतो. खरा भार सोसते ती नळी, आणि त्यातही तिचे बूड.

आमच्या भागात हे समजावणे सोपे जाते, कारण पोफळीचे वीजघर डोंगर फोडून त्याच्या पोटात बांधलेले आहे आणि सुरुंग म्हणजे काय हे इथे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. सुरुंगात खडकाला भोक पाडतात, दारू भरतात आणि वरून ठासून तोंड बंद करतात. दारू पेटली की क्षणात तिचा वायू होतो. वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून खडक फुटतो. बंदुकीतही हेच घडते. फरक एवढाच की सुरुंगात ठासलेले आत राहावे आणि भोवतालचे फुटावे अशी इच्छा असते. बंदुकीत ठासलेले बाहेर जावे आणि भोवतालचे शाबूत राहावे अशी. नळी कमजोर असली तर बंदुकीचा सुरुंग व्हायला वेळ लागत नाही, आणि तो सुरुंग आपल्या गालापासून वीतभर अंतरावर असतो.

गावठी बंदुकीत धोका येतो तो इथेच. पाण्याचा किंवा यंत्राचा पाइप हा पाण्यासाठी किंवा तेलासाठी केलेला असतो. त्याची शिवण, त्याची जाडी, त्याचे पोलाद यांपैकी काहीही असा झटका सोसण्यासाठी निवडलेले नसते. बाहेरून पाहून ते कळत नाही. दहा बार सुखरूप गेले म्हणून अकरावा जाईल असेही नाही, कारण प्रत्येक बारागणिक बारीक चीर वाढत असते. आम्ही कार्यशाळेत एखादी टाकी किंवा नळ दाबाखाली चालवण्याआधी त्याची दाबाची चाचणी घेतो. बंदुकीसाठीही जगात हीच रीत आहे. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे बंदूक तपासणीचे घर १८१३ मध्ये कायद्याने उभे राहिले. तिथे नेहमीपेक्षा जास्त भार देऊन बंदूक बंद जागेत उडवतात. ती टिकली तरच तिच्यावर शिक्का पडतो. शिक्का म्हणजे नळीची साक्ष. घोडा वर आहे की खाली हे शिक्का विचारत नाही.

म्हणून मी त्या तरुणाला सांगितले, “घोडा मी उद्या करीन. नळीची हमी मी देऊ शकत नाही आणि गावातला दुसरा कोणीही देऊ शकत नाही.”

यापुढची गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बंदूक बनवणे, विकणे, तिच्यात बदल करणे, दुरुस्त करणे, इतकेच काय तिची चाचणी घेणे, यांपैकी कशालाही परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि बनवण्याचा वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बनवणाऱ्याला किंवा दुरुस्त करणाऱ्याला कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. तेव्हा एखाद्या लोहाराला ‘जरा घोडा नीट करून दे’ म्हणणे म्हणजे त्या बिचाऱ्याला केवढ्या संकटात ढकलणे आहे, हे लक्षात घ्यावे.

पण हाच कायदा शेतकऱ्याला सरळ वाटही देतो, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. कायद्याच्या तेराव्या कलमात ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. खरोखर पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर तिच्या परवान्याची तरतूद तिथे आहे. ठासणीच्या बंदुकीने काम भागणार नाही अशी खात्री पटली तर दुसरी साध्या नळीची बंदूक देण्याचा अधिकारही परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा, मग पोलिसांची चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. या वाटेला वेळ लागतो, हेलपाटे पडतात, हे मला ठाऊक आहे. पण तिच्या शेवटी जी बंदूक हातात येते तिच्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि क्रमांक असतो. बिहारमधल्या मुंगेरसारख्या ठिकाणी परवाना घेऊन बंदुका बनवणारे कारखाने आजही आहेत.

शेतकरी बंदूक का मागतो, हेही समजून घेतले पाहिजे. आमच्या माथ्यावर कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. रान जवळ म्हणजे रानडुकरे जवळ. भात पोटरीत आले की एका रात्रीत कळप खाचर लोळवून जातो. माळ्यावर बसून डबे वाजवायचे, आरोळ्या द्यायच्या, पहाटेपर्यंत जागायचे आणि सकाळी पुन्हा कामाला जायचे, असे किती दिवस करणार? त्यातच निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात, आणि डुकरे काही आचारसंहिता पाळत नाहीत. ही तक्रार खोटी नाही.

तरीही एक भेद मनात पक्का ठेवावा. शेतीसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. उभ्या पिकाला धोका झालेल्या जनावराला मारण्याची परवानगी त्या कायद्यात आहे, पण ती वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावी लागते. अभयारण्याच्या हद्दीत तर लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन पाऊलही टाकता येत नाही. रानडुक्कर, गवा यांसारख्या जनावरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वन खात्याकडे मागता येते. तिच्यासाठी नुकसान झाल्यावर लगेच अर्ज आणि पंचनामा झाला पाहिजे. बहुतेक वेळा आपला शेतकरी हवेत बार काढतो आणि आवाजानेच कळप पळतो. आणि अंधारात हललेल्या झुडपावर बार टाकू नये, हे तर कोणत्याही कायद्याआधीचे शहाणपण आहे. रानडुक्कर समजून माणसावरच बार गेल्याच्या बातम्या कोकणात आपण पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. ज्याच्या घरातला माणूस गेला आणि ज्याच्या हातून गेला, ती दोन्ही घरे बहुधा एकाच वाडीतली असतात.

शेवटी, ज्यांच्या घरी माळ्यावर आजोबांची बंदूक पडून आहे त्यांच्यासाठी चार शब्द.

पहिली गोष्ट, ती भरलेली आहे असेच समजा. ठासणीची बंदूक मागून उघडून पाहता येत नाही आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेटते. केप काढलेली आहे, म्हणजे नळी रिकामी आहे, असे नाही. जाणकार दुरुस्तीवाला पहिल्यांदा गज आत सोडून आतली खोली मोजतो आणि तो गज बाहेरून नळीला लावून पाहतो. गज बुडापर्यंत पोचला नाही तर आत काहीतरी आहे. ते काढणे त्याचे काम, आपले नव्हे.

दुसरी गोष्ट, ‘जुनी आहे, शोभेची आहे’ ही सबब नेहमी चालत नाही. पुरातन किंवा कालबाह्य शस्त्राला कायद्यात सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालण्यासारखे नसेल तरच. आपल्या बंदुकीची कमान तुटली आहे एवढ्याने ती सुटत नाही, कारण कमान नवी घालता येते.

तिसरी गोष्ट, परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपल्या नावे परवाना मागायचा असतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा त्याने बंदूक २५ वर्षे बाळगली, तर तो हयात असतानाही वारसाच्या नावे परवाना मागता येतो. घरात म्हातारा परवानाधारक असेल तर हे काम त्याच्या डोळ्यांदेखत उरकून घ्यावे.

आणि ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांनी बुडाकडे लक्ष द्यावे. काळ्या दारूची राख ओलावा शोषून घेते आणि कोकणच्या पावसाळ्यात नळी आतून, नेमकी बुडाशी, गंजते. बार काढल्यानंतर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, पूर्ण सुकवून तेलाचा हात द्यावा. दारू काळीच वापरावी, काडतुसातली कधीही नाही. बोळा आणि छर्रे दारूवर नीट टेकले आहेत याची खूण गजावर करून ठेवावी, म्हणजे दुसऱ्यांदा चुकून भरले गेले तर लगेच कळेल. आणि दसऱ्याला पूजेत ठेवण्याआधी वर्षातून एकदा ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवून आणावी. घोडा कुठे आहे हे त्याला दिसतेच. त्याला एवढेच विचारावे की नळी अजून भार घेण्याजोगी आहे का, आणि तो नाही म्हणाला तर त्या बंदुकीतून पुन्हा बार काढू नये.